परत आलेली नळी

दुसऱ्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत
माझं काम परत आलेल्या नळ्यांचं.
गेलेल्या सगळ्याच परत येत नाहीत.
ज्या आपलं काम चोख करतात
त्या कुठल्यातरी इस्पितळाच्या लाल पिशवीतून
भट्टीत जातात, मागे नाव न ठेवता.
माझ्याकडे येतात त्या तक्रारीच्या.

आज सकाळी पोआसनं पुन्हा राख टाकली होती.
अलाहुएलाच्या वळणावर दोन एव्हेलिओ
बसची काच पुसायला उतरला ओल्या वर्तमानपत्रानं,
राख नुसती फासली गेली इकडून तिकडे,
आणि आम्ही अठराजणी सात मिनिटं उशिरा.

खोका ब्रेमेनचा.
दुहेरी पिशवीत, जंतुनाशकातून बुडवून काढलेली
एकशे बत्तीस सेंटिमीटरची नळी,
टोकाशी प्लॅटिनमची कडी, नखाच्या चंद्राएवढी.
सोबत कागद:
मेंदूची धमनी, डावी. पंप पूर्ण दाबावर.
नळी टोकापासून चौदावर चपटी झाली.
रुग्णाचं वय एकसष्ट.
पुढे काय झालं: माहीत नाही.

"माहीत नाही"साठी आमच्या फॉर्मवर वेगळा चौकोन आहे.
त्यात फुली मारायची असते.

भिंगाखाली धरली.
चौदा नव्हे, चौदा पॉइंट तीन.
आतल्या तारेची वेटोळी जिथे विरळ झालीत
तिथेच ती बसलीय,
लहानपणी ग्वानाबानाचा रस पिताना
गर अडकून कागदाची नळी मिटायची तशी.
आमचे गाल आत, डोळे बाहेर,
आणि रोसेंदा मावशी ओट्याजवळून ओरडायची,
अगं, ओढतेस किती! आधी सैल तर होऊ दे त्याला.

हेच आमच्या इंजिनियरांनी चाळीस पानांत लिहिलंय.

नळीत अजून काहीतरी होतं.
चिमट्यानं येईना.
सलाइनचे तीन थेंब सोडले, वाट पाहिली,
मग घसरत आलं बशीत:
चिंचोक्याहून लहान, काळपट,
एका अंगाला पांढरे धागे.
म्हणजे मिटण्याआधी
तिनं एवढं तरी ओढून घेतलं होतं.
ब्रेमेनच्या, एकसष्ट वर्षांच्या,
बाई की बाप्या तेही न कळवलेल्या त्या माणसाची
आणि माझी गाठ पडली ती अशी.

लॉट पाहिला. गेल्या वर्षीचा मार्च.
मार्चमध्ये मी खाली होते, सहाव्या टेबलावर,
वेटोळी बसवायला. पोटात साडेसात महिन्यांचा एस्तेबान,
तासातासाला उठायचं, दरवेळी झगा उतरवायचा,
टोपी, बूट, पुन्हा सगळं चढवायचं,
आणि परतल्यावर तार कुठे सोडली होती
ते बोटांनी शोधायचं.
नोंदीवर सही: वाय. सी.
सहाव्या टेबलावर आम्ही दोघी वाय. सी.,
मी, योर्लेनी चिंचिया,
आणि यामिलेत कास्कान्ते,
जी जूनमध्ये नोकरी सोडून निकोयाला गेली
आणि जिला आता कोणी काही विचारणार नाही.

वायची शेपटी डावीकडे वळलीय.
मी कागदावर दहा-बारा वेळा सही करून पाहिली.
कधी वळते, कधी नाही.

गाठ बाटलीत घातली, झाकण लावलं.
चिठ्ठीवर नाव लिहायची जागा नसते, नंबर असतो.
शेरा, शंभर अक्षरांत:
वेटोळी विरळ. कारण बहुधा जोडणी.
आणि उरलेल्या जागेत, कोणी मागितलं नसताना,
थोडं निघालं होतं. थोडं तिनं काढलं होतं.

सही केली. शेपटी कुठे वळली ते पाहिलं नाही.
"माहीत नाही"चा चौकोन तसाच कोरा सोडला.
सुपरवायझर उद्या फॉर्म परत पाठवील.
पाठवू दे.
परत आलेल्याचंच तर माझं काम.