दिवा क्रमांक सतरा

कागदगिरणी बंद झाली त्या गुरुवारी
जो तो काही ना काही खिशात घालून निघाला.
ऑस्मोने हजेरीचा शिक्का, पॅटने भांडारघराची किल्ली.
मी पॅनेलवरचा सतरा नंबरचा दिवा काढला,
पिवळा, लिंबाएवढा.
लगदा तापला की तो लागायचा.
एकवीस वर्षं मी त्याच्यावर नजर ठेवली
आणि त्याने माझ्यावर.

इल्मा म्हणाली, हे काय आणलंस?
म्हटलं, माझा फंड.

पूर्वी बिअर मागच्या ओट्यावर उकळायचो, गॅसवर.
पण सुपीरियरच्या काठचा जानेवारी,
उणे सव्वीसला सिलिंडर धाप टाकतो,
नळी हातात काचेसारखी तडकते,
मिशीत अर्धा हॉप्सचा वास, अर्धा बर्फ.
म्हणून वीज, म्हणून तळघर.
हे कारण मी सगळ्यांना सांगतो.

तीन पातेली मांडली.
मधल्याच्या पोटात साडेपाच हजार वॉटची कॉइल.
पत्र्याच्या पेटीला भोकं पाडायला घेतली
तर ड्रिल असं किंचाळलं
की शेजारच्या मिसेस हाल्वोर्सन गाऊनवर कोट चढवून आल्या.
कुणाला मारताय?
मग त्यांनी भोकं मोजली,
तेरा म्हणाल्या, एक कमी करा,
आणि गेल्या.
मी एक वाढवलं.

लाल बटण सगळ्यात आधी बसवलं.
भूछत्रासारखं, तळहाताने मारायचं.
गिरणीत ते माझ्या देखत एकदाच मारलं गेलं,
लेनर्टचा हात गेला त्या दिवशी,
आणि तेही उशिरा.
बाकीचं सगळं मी त्याच्या भोवतीने मांडलं.

काळी तार, लाल तार, पांढरी.
आणि हिरवी, जी जमिनीकडे जाते.
काही बिघडलं तर ती
मुकाट्याने स्वतःवर घेऊन खाली नेते.
एरवी तिच्यातून काहीच वाहत नाही.
घरोघरी अशी एक तार असते.

शनिवारी लुसियँ आला, मीटर घेऊन.
त्याच गिरणीतला. आता शाळेतले दिवे बदलतो.
दारं लाव म्हणाला, चालू कर म्हणाला.
ब्रेकर पडला.
पुन्हा चढवला. पडला.
कुठेतरी गळतंय, म्हणाला.
वीज पाण्यासारखी गळते,
फक्त आवाज करत नाही, डाग पाडत नाही.
दोघं गुडघ्यांवर, टॉर्च दातांत धरून,
एकेक स्क्रू, एकेक टोक.
चार वाजता खिडकीत अंधार झाला.
साडेपाचला त्याला ओल सापडली,
कॉइलच्या मागच्या डबीत, वाटाण्याएवढी.
वॉशर मी उलटा बसवला होता.

एकवीस वर्षं, लुसियँ म्हणाला.
एवढंच. हसला नाही.
तेवढं बरं केलं.

मग पाणी, नुसतं पाणी,
ना माल्ट, ना हॉप्स.
आकडे चढू लागले, लाल,
एकेचाळीस, बेचाळीस,
पंप कुठल्याशा म्हाताऱ्या मांजरासारखा घुरघुरला.
सहासष्टला दिवा लागायला हवा होता.
सहासष्ट झाले.
लागला नाही.
सदुसष्ट.
मग लागला, पिवळा,
एक अंश उशिरा, तिथे लागायचा तसाच,
आणि माझा जीव भांड्यात पडला,
या खेपेला खरोखरच्या, वीस गॅलनच्या.

इल्मा जिन्यावरून वाकली.
झाली का बिअर?
पाणी आहे.
ती खाली आली, तोटीखाली बादली धरली,
कढत पाणी वाया कशाला घालवायचं म्हणाली,
आणि वर जाऊन स्वयंपाकघर पुसायला लागली.
आमच्या डोक्यावर फरशीभर तिचा पोछा फिरत होता.

आम्ही दोघं पेटीसमोर उभे,
हात मागे बांधून,
न बोलता, पूर्वी उभे राहायचो तसे.
लुसियँने सवयीने घड्याळ पाहिलं.
सात. पाळी संपायची वेळ.
मी जिन्याकडे पाहिलं.
बदलीवर कुणी आलं नाही,
म्हणून आम्ही तिथेच थांबलो.