जमा

लक्ष्मीपुरीत, नेजदारांच्या रद्दीत
सापडली ही खतावणी :
गुळाच्या कुठल्याशा अडतीतली,
लाल कापडाची, पाठीवर वाळवीचं नक्षीकाम.
किलोच्या भावानं दिली त्यांनी,
वर म्हणाले, 'बंब पेटवायला झकास हाय.'

तेव्हापासून जमेच्या पानांवर चिकटवत आलेय.
रव्यांच्या वजनावर एका पैलवानाचा कान,
चुरगळलेला, सुक्या अंजिरासारखा.
हमाली-तोलाईवर
रंकाळ्याकाठी म्हैस धुणारा माणूस. त्याचं डोकं
फोटो काढणाऱ्यानं कापलंय,
मुद्दाम की चुकून, कळत नाही.
कुणाच्या तरी अल्बममधून निसटलेली करवली :
सगळे कॅमेऱ्याकडं बघताहेत, ही पंगतीकडं.
बंद पडलेल्या स्टुडिओतला पडदा, रंगवलेला महाल,
त्याच्या पायरीशी खरी चप्पल.

चप्पल तेवढी मी दहादा काढून पाहिली.
अंगठा बसला नाही.

शेजारची वैजयंता विचारते, ह्यात तुझं काय?
बोटांवर खळ वाळलेली असते,
ती सोलत बसते मी.

काल कान उचकटला एका कोपऱ्यातून.
खाली शाई : 'येणे बाकी.' रक्कम पुसट.
समोरचं पान नावेचं, कोरं.
कोरं तरी कसं म्हणू,
पलीकडच्या खळीनं फुगलंय,
उन्हात उभं धरलं की उमटते
म्हशीची पाठ, उलटी,
आणि तिच्यावर वाकलेला तो, खांद्यापर्यंतच.

तिथं पेन्सिल टेकवली.
अजून हनुवटीच चाललीय.