पाठमोरा बाक

सव्वीस फरशा उचकटल्यात,
कसायाच्या दुकानापासून बेकरीपर्यंत.
मीच मोजल्या. औषधांच्या दुकानात काउंटरमागे
दुपारी दोन ते चार दुसरं काम नसतं.
वॉरंडी शॉपिंग सेंटर: मेलबर्नचा नकाशा घडी घालताना
जिथं दुमडतो, तिथं.

खाली चिनाराचं मूळ. ते कुणाला विचारून वाढत नाही.
वर पालिकेचा माणूस येतो,
प्रत्येक फरशीभोवती पिवळा खडू फिरवतो
आणि जातो.
पाऊस खडू पुसतो. फरशी तिथंच.
तीन वर्षं झाली, हाही आता एक ऋतू.

कारंजं मी नोकरीला लागले त्याआधीच आटलेलं.
त्यात चिप्सची पाकिटं, एक हातमोजा,
आणि ऑगस्टात मॅगपाय घरट्यासाठी उचलतात
त्या तारांचे तुकडे.
शौचालयाला कुलूप. किल्ली माझ्याकडे,
लाकडी डावाला बांधलेली,
कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून.
सत्तरीची माणसं ती मागताना आवाज उतरवतात;
करंगळी वर करायचीच काय ती बाकी.

बाक होते. दोन.
रात्री पोरं बसतात म्हणून काढले.
मग पोरं कारंज्याच्या कठड्यावर बसू लागली
आणि म्हातारी उभी राहू लागली.

डल्सी पार्ट्रिज, वय चौऱ्याऐंशी,
अकराव्या फरशीला अडखळली.
मनगट मोडलं, डझनभर अंडी फुटली.
मी धावले, तर म्हणते,
"आधी ती अंडी पूस, कुणीतरी घसरेल."
मजोकनं, ज्याच्या स्केटबोर्डमुळे बाक गेले असं म्हणतात त्यानं,
शर्ट काढून तिच्या हाताखाली घडी करून ठेवला.

त्याच संध्याकाळी झ्वोंकोनं
मांस गुंडाळायचा पांढरा कागद काचेवर चिकटवला.
वर लिहिलं: आम्हाला काय हवं.
शनिवारी दुसरा कागद लावावा लागला.
दिवा. सावली. कुलूप नसलेलं दार.
बेकरीवाल्या हान्हबाई: पाणी, कुत्र्यांनाही.
कुणीतरी बारीक अक्षरात: कारंजं, जमलं तर.
आणखी कुणी: सगळं पूर्वीसारखं.
त्याखाली मजोक:
पूर्वी म्हणजे कधी?

पालिकेनं तंबू ठोकला. फुकट सॉसेज भाजले.
नकाशावर लावायला रंगीत टिकल्या वाटल्या.
चित्रातली माणसं पारदर्शक, सगळी सडपातळ,
एकाच्याही हातात पिशवी नाही.
डल्सीनं प्लास्टरातल्या हातानं
सगळ्या टिकल्या एकाच फरशीवर चिकटवल्या.
"आजी, एका जागी एकच लावायची असते."
"पडले तेव्हा मी थोडी थोडी नाही पडले."

जून गेला, जुलै गेला.
उत्तर आलं: विचाराधीन.
मोठा शब्द आहे, पण बसायला बरा नाही;
त्याला पाठ टेकायला जागा नाही.

तेव्हा खुर्च्या आल्या. ठरवलं कुणीच नव्हतं.
आधी हान्हबाईंचं प्लास्टिकचं स्टूल,
मग झ्वोंकोच्या वारलेल्या आईची वेताची खुर्ची,
कॅम्पिंगच्या दोन, पियानोपुढची एक.
कोरड्या कारंज्याभोवती आम्ही
पाणी असल्यासारखे बसलो.
मजोकनं स्केटबोर्ड उलटा टाकला,
त्याच्या चाकांमध्ये थर्मास.
बोलायला विशेष काही नव्हतं. थंडी होती.
तरी साडेपाचला कुणी उठलं नाही.

सप्टेंबरात बाक आला. एक.
पाय पक्के, कडेला पितळी पट्टी,
कारंज्याकडे पाठ,
गाड्यांच्या तळाकडे तोंड.
झ्वोंको त्याच्या भाषेत शिव्या देत
खाली वाकून स्क्रू शोधत राहिला.
डल्सी मात्र बसली, पिशवी मांडीवर,
उभ्या गाड्यांकडे नाटक बघावं तशी बघत.
"मान वळते अजून माझी," म्हणाली,
आणि वळवून दाखवली.

मी आत आले. कुणाला तरी किल्ली हवी होती.
जाता जाता मोजल्या:
फरशा आता सत्तावीस.
बाक रोवताना एक नवी उचकटली.