दुधाचा हिशोब

ओट्याशेजारच्या खिळ्यावर कॅलेंडर.
आई त्यावर दुधाचा हिशोब ठेवतात.
दूध आलं नाही त्या तारखेवर फुली,
पिशवी जास्तीची घेतली तर एक उभी रेघ.
त्याच चौकोनांत, तिथी आणि नक्षत्राच्या सांदीत,
मी पेन्सिलीने ठिपके देते,
मुंगीच्या डोळ्याएवढे,
महिन्यातून पाच.
सव्वादोनशे फुटांत एवढंच माझं खासगी.

दवाखान्यात डॉक्टरीण नवी, फाइल जुनी.
वर न बघता तिने नर्सला सांगितलं,
"जी वन, पी झिरो, ए वन."
मी भांडुपची. आमच्याकडे ए वन म्हणजे झकास.
वडा ए वन. नवरीचा शालू ए वन.
सुदेशच्या मित्राने घेतलेली सेकंडहँड बाइक, एकदम ए वन.
मी विचारलं, ए म्हणजे?
तिने चष्मा काढला, मग सांगितलं,
हळू आवाजात.
म्हणजे बाई चांगली असावी.

दिवस गेलेत हिला, म्हणायचे सगळे तेव्हा,
जड उचलू देऊ नका.
नऊ आठवडे आणि दोन दिवस गेले,
मग त्यापुढे काय म्हणायचं ते कुणालाच सुचेना.
खालच्या मजल्यावरच्या घाग काकू म्हणाल्या, "जाऊ दे गं."
जाऊ दिलं. म्हणजे,
गेलंच होतं.

सुदेश त्याला ओटीपी म्हणतो.
सेकंड शिफ्टवरून अकराला येतो,
हेल्मेट काढता काढता भुवया उडवतो, आला?
आला. उद्या संध्याकाळपर्यंत चालेल.
सुरुवातीला हसायचो.
परवा तो मध्येच थांबला, म्हणाला, दुखत नाही ना तुला?
आणि मला कळलं, तो शरीराबद्दल विचारत नाहीये.
मग नुसतेच पडून राहिलो,
लिफ्ट कितव्या मजल्यावर थांबली ते आवाजावरून ओळखत.
तो ओटीपी वाया गेला.

आणि आई.
मे महिन्यापासून मधूनच काही रात्री
उशी काखेत मारून निघायच्या,
"मी शालूकडे निजाक जातंय. तिचो पंखो बरो वारो दिता."
शालूमावशींचा पंखा मी पाहिलाय.
फिरताना त्याची पाती मोजता येतात.
मला वाटलं, म्हातारपणाचं खूळ.

काल दूधवाल्याचा पोरगा पैशाला आला.
आई आंघोळीला. मीच कॅलेंडर उतरवून मोजायला बसले.
नऊ, दहा, अकरा.
माझ्या ठिपक्याशेजारी फुली नाही, रेघ नाही,
जाड बॉलपेनने एकेक "शा".
शालू.
मागच्या महिन्यातही. त्याच्या मागच्याही.
चष्म्याशिवाय ज्यांना सुईत दोरा ओवता येत नाही,
त्यांनी.

पानं उलटत मागे गेले.
फेब्रुवारीत माझा ठिपका नाही.
सतरा तारखेला मोठी फुली, आणि खाली
सातवी शिकलेल्या गोल अक्षरात
दूध नाही.

दूध आलं होतं त्या दिवशी.
पिशवी कडीला लोंबत होती,
आम्ही परतलो तेव्हा नासून टम्म फुगलेली.
सकाळी रिक्षात आई माझ्या पोटावर हात ठेवून
"रव, रव" म्हणत होत्या.
मला की रिक्षावाल्याला की
आणखी कुणाला,
मी कधी विचारलं नाही.

पोराला पैसे दिले. कॅलेंडर होतं तिथे टांगलं, जरा तिरकं.

आज एकोणतिसावा दिवस.
रव्याच्या डब्यात किट आहे, फोडलेलं नाही.
सत्ताविसाव्याला दोनदा फसलेय याआधी.
आई केस पुसत ओट्याशी आल्या, कॅलेंडर सरळ केलं,
माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
"फाल्यापासून अर्धो लिटर जास्ती सांगू काय?"

मी म्हटलं, थांबा दोन दिवस.

"रवतंय," म्हणाल्या,
आणि दुधाखालचा गॅस बारीक केला.