तिसरा रकाना

गोदीतल्या प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात
तीन रकाने असत –
रचना कुणाची, तपासलं कुणी, गिरवलं कुणी.
एकतीस वर्षं मी तिसऱ्यात राहिले.
जहाजं गेली रॉटरडॅमला, हवानाला,
माझ्या शाईनं, दुसऱ्यांच्या डोक्यानं.
मी डावखुरी. ओल्या रेषेवर हात फिरू नये म्हणून
उजवीकडून डावीकडे जायचे.
इंजिनियर हसायचे : यादविगाबाई जहाज शेपटाकडून बांधतात.

आता ग्दिनियात, चौथ्या मजल्यावर,
शेगडीचं बटण तुटलंय. कंपनी कधीच बुडाली.
दुकानदारानं माझ्या बोटांकडे बघून
नवीच शेगडी दाखवली.
वरच्या मजल्यावरचा तिमेक म्हणाला,
आजी, वाचनालयात थ्रीडी प्रिंटर आहे,
तुम्ही फक्त काढून द्या.
फक्त.

मग स्थळं बघायला सुरुवात.
एकात नुसते ठोकळे, ठोकळ्यावर ठोकळा.
पोरखेळ म्हणून नाक मुरडलं
आणि तासाभरानं त्यातच एक कप करून बसले होते.
दुसऱ्यात काढायचंच नाही, लिहायचं :
गोल, उंची वीस, त्यातून वजा गोल.
नेमकं होतं, पण हाताला काम नव्हतं.
तिसरं देखणं. फुकट. सध्या.
अटी वाचायला चष्मा बदलला :
नकाशे त्यांच्या ढगात राहणार,
आणि ढग कुणाचा ते शेवटून दुसऱ्या कलमात.
आयुष्यभर परक्या कपाटांत नकाशे ठेवलेत मी. नको.
चौथं ओबडधोबड, चिन्हांची नुसती जत्रा,
पण फाइल माझ्याच संगणकात,
आणि कुणी विचारत नाही,
बाई, हे छंद म्हणून की पोटासाठी?

ते घेतलं.
पहिल्या संध्याकाळी तीनदा बंद पडलं.
एकदा मी, दोनदा ते.

तिमेकचा धडा एवढाच :
आधी सपाट काढा, मग वर उचला.
मी एक वर्तुळ काढलं.
हात लावला की पळायचं, कोंबडीच्या पिलासारखं.
बाजूला लिहून आलं : तीन स्वातंत्र्यं शिल्लक.
हा शब्द मी सतरा वर्षांची असताना
गोदीच्या फाटकाशी ऐकला होता, डिसेंबरात, धावता धावता.
इथे तो मोजता येतो.
मध्यबिंदू खिळवला. उरलं एक.
व्यास लिहिला, अडतीस –
रेषा हिरवी झाली, गप्प उभी राहिली.
बराच वेळ मला कळेना
आनंद मानावा की नाही.

बटणाच्या आतला दांडा पुरता गोल नाही,
एक बाजू तासलेली, दशमीच्या चंद्रासारखी.
मोजला : सहा मिलिमीटर. भोकही सहाचं काढलं.
छापून आलं ते बसेना.
गिरवणारीची खोड, दुसरं काय;
जे आहे तेच उतरवायचं.
थोडी जागा सोडा ना, तिमेक म्हणाला,
वय वर्षं चौदा.
सहा पूर्णांक तीन.
कुरकुरत बसलं.

मग त्याला मी एक कान काढला.
कुठल्या शेगडीला नसतो असा,
लांबट, डावीकडे कललेला,
माझ्या सुजऱ्या अंगठ्याच्या मापाचा.
मूळ कागद कुठे ठेवला म्हणून
सवयीनं टेबलावर दोनदा शोधलं.
मूळ कागद नव्हताच.

कागदावर उतरवायची गरज नव्हती, तरी उतरवलं.
उजव्या कोपऱ्यात तीन रकाने आखले.
पहिल्यात आद्याक्षरांवर भागवलं नाही,
आडनावासकट लिहिलं : यादविगा कोंकोल.
तिसरा कोरा.
मधला तिमेकला दिला.
त्यानं किटली चढवली, बटण आधी उलटं फिरवलं,
मग नीट,
ज्योत धरली तशी सही ठोकली
ती चौकटीबाहेर पार माझ्या नावावर गेली.