पाय पूर्वेकडे

इलीशा सरकटे कबर खणण्याआधी
टिकावाचा दांडा जमिनीवर आडवा ठेवून पूर्व बघतो.
पाय उगवतीला, डोकं मावळतीला.
तो येईल तेव्हा उठल्याउठल्या समोर दिसावा,
मान वळवावी लागू नये.

पण माती वऱ्हाडची.
वैशाखात भेगाळते, कोपरापर्यंत हात जाईल इतकी,
आषाढात फुगते
आणि आतल्याआत कूस बदलते.
निम्मे क्रूस कललेत.
जयवंत मास्तरांचा तर पार नैर्ऋत्येला.
"आता मास्तर उठतीन त जिनकडं तोंड करून,"
इलीशा म्हणतो. हसत नाही.

आज सत्यशीलाबाईंचा खड्डा.
मी नवा पाळक, यवतमाळला शिकलेला.
वहीत दोन मतं आहेत माझ्या:
मेलेले निजलेत, कर्णा वाजेपर्यंत.
किंवा, त्याच संध्याकाळी सुखलोक.
दोन्हींना आधार आहे.
त्या पेपरात मला एकोणसाठ गुण.

छातीइतक्या खोलीतून इलीशा विचारतो,
"पाळकसाहेब, बाई या घडीले कुठी हाय?"

मी पहिल्या मंडळीचं सांगू लागतो.
त्यांना वाटायचं, तो लवकर येणार,
आपल्या डोळ्यांदेखत, कदाचित याच सुगीत.
कुणी बी-भरणाची चिंता सोडली, कुणी कामच सोडलं.
मग त्यांच्यातलं कुणीतरी पहिलं मेलं.
भाकर मोडताना एक तुकडा उरला
आणि सगळे त्याच्याकडे बघत राहिले.
मग पत्रं लिहिली गेली.

"म्हंजे त्यायलेही मालूम नोतं,"
इलीशा माती वर फेकतो.
थोडी माझ्या चपलेवर पडते.

मग तो आपल्या मंडळीचं सांगतो.
चर्च नव्हतं तेव्हा. दवाखान्यातला एक कंपाउंडर,
बंद जिनच्या शेडमध्ये, रात्री, एका कंदिलावर.
अकरा माणसं. सत्यशीला आठ वर्षांची,
कापसाच्या ढिगावर बसायला मिळतं म्हणून आलेली.
प्रार्थना संपली तेव्हा
सगळ्यांच्या केसांवर, खांद्यांवर, भुवयांवर पांढरं.
"बाई सांगे,
त्यायच्यावर आग उतरली होती,
आमच्यावर कापूस.
आग उतरली असती त जिन जळला असता,
मालकानं कोनाले सोडलं नसतं."

ऊन चढलं. घंटा झाली.
शवपेटी येताना दिसली, मागे छत्र्या,
पुतण्या अकोल्याहून अजून पोचायचा होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं,
खड्डा वाकडा आहे.
वीतभर. डोक्याकडून उत्तरेला सरकलेला.

"इलीशा, हे तिरपं झालं."

"केलं," तो म्हणाला. "माती इकडून तिकडं सरकते.
तीस वर्सांत बाई सरळ होते."

"आणि तो त्याआधीच आला तर?"

त्यानं टिकाव वर ठेवला,
दोन्ही हात काठावर टेकून बाहेर आला,
गुडघे झटकले.

"त मंग थोडी मान वळवन.
तेवढं त येते तिले."