चौथं रीळ

तीन रिळं पवनीहून आली, चौथं आलंच नाही.
एस.टी.च्या टपावर राहिलं म्हणे, गेलं तसंच ब्रह्मपुरीला.
हे इस्तारी नखातेला माहीत होतं, मला माहीत होतं
आणि तंबूतल्या साडेतीनशे माणसांना
माहीत नव्हतं.

मी बारा वर्षांचा. जनरेटरला डिझेल पाजायचं,
तुटलेली फिल्म ब्लेडनं खरवडून जोडायची,
शो सुटला की तणसात हरवलेल्या चपला शोधायच्या.
एवढं माझं काम.

सिनेमा परदेशी. भाषा कोणालाच येईना,
नखाते भोंग्यावरून सांगायचा :
"आता त्याचा पाय मोडला जी.
आता तो कंबरेचा पट्टा खाऊन राह्यला, कातड्याचा."
बर्फ कोणी पाहिला नव्हता.
"एवढं मीठ कोनाचं सांडलं?" मागून कोणी तरी म्हणालं,
पहिल्यांदा सगळे हसले.
दुसऱ्यांदा म्हणालं तेव्हा कोणीच नाही,
कारण तो माणूस सरपटत होता
कोपरांवर, या खडकापासून त्या खडकापर्यंत,
आणि बायांनी पदर दातात धरले होते.

तिसरं रीळ संपलं. शेपूट फडफडली.
पडदा पांढरा,
बर्फाइतकाच पांढरा, म्हणून थोडा वेळ
लोकांना वाटलं, सिनेमा चालूच आहे.

मग शिट्ट्या. मग "पैसे वापस". मग एक ढेकूळ
माझ्या कानाजवळून.
नखातेनं भोंगा तोंडाशी धरला आणि तसाच उभा राहिला.
"वाचला का मेला, तेवढं तं सांग ना बे!"
पैज लागली, पायलीभर धानाची.
मेला म्हणणारे जास्त होते.

तेव्हा सायत्रा उईके उठली.
एक डोळा नसलेली. डोईवर जिथे केस उगवत नाहीत
तिथे पदर घट्ट ओढलेली.
चैतात ती अंधारातच मोह वेचायला गेली होती,
अस्वलही मोहासाठीच आलं होतं.
"त्याचंही बराबरच होतं," ती म्हणायची.

चालत पुढे आली ती थेट उजेडाच्या आड,
आणि बर्फावर तिची सावली पडली,
ताडाएवढी.

"मेला नाही तो," ती म्हणाली.
"सरपटनारा लवकर मरत नाही.
मी नाल्यापासून सडकेवर आली ते पोटावरच.
देव नाही आठवला बाप्पा.
पोट्टेही नाही आठवले, खोटं कायले बोलू.
कोंबड्या आठवल्या.
डाल्याखालीच होत्या, सोडल्याच नव्हत्या मी.
ऊन चढलं तं तडफडून मरतीन.
म्हनून आली."

आणि बसली खाली, होती तिथेच, मातीत.

जनरेटर तेवढा धडधडत होता.
बऱ्याच वेळानं एका म्हाताऱ्याचा आवाज :
"मंग? कोंबड्या?"
"तीन वाचल्या."

लोक उठले, अंगावरचं तणस झटकत.
पैसे कोणी मागितले नाहीत,
एक सरपंचाचा पोरगा सोडून.

एकवीस वर्षांनी, चंद्रपुरात,
मशीन भंगारात देण्याच्या आदल्या आठवड्यात
मला ते चौथं रीळ सापडलं. एकट्यानं लावलं.

तो वाचतो. विमान येतं. वाजंत्री खूप.
मग बरा होऊन पुन्हा त्याच डोंगरावर जातो,
वाऱ्यात उभा राहतो
आणि आयुष्याबद्दल बोलतो.
आता मला थोडी भाषा येत होती.
बराच वेळ बोलतो. चांगलं बोलतो.

मी थांबलो होतो.
पहिल्या रिळात, घरून निघताना,
त्यानं एक कुत्रं बांधून ठेवलं होतं
परसात, आखूड साखळीला.

त्याचं पुढे काय झालं,
ते शेवटपर्यंत नाही.